ती 'जस्ट आस्किंग'वाली बाई

सांगते, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे ऐकताना माझ्या नणंदेला असा ठसका लागला की सोफ्याचं कव्हर मलाच धुवायला लागलेलं.

तर गेल्या वर्षी मी डोंबिवलीत एका बाईच्या मागावर होते. साधी बाई नाही हं. संशयी, खवट, सगळ्यांचं डोकं खाणारी बाई! आणि मी तिला पकडलं. चक्क शास्त्रीय पद्धतीने. पण कुठे पकडलं आणि कोणासमोर, ते आठवलं की अजून कान गरम होतात.

आधी हे कबूल करते की मी स्वतः थोडी संशयी आहे. मुक्ता झाल्यापासून. त्याआधी मी चांगली एमए झालेली, रात्रभर झोपणारी मुलगी होते. आता मुलगी रडली तर वाटतं काहीतरी दुखतंय, आणि शांत बसली तर वाटतं काहीतरी गिळलंय. लिफ्टमध्ये कोणी अनोळखी माणूस तिच्याकडे बघून हसला की मी त्याच्या चपला बघून ठेवते. चपलाच का? उद्या पोलिसांनी वर्णन विचारलं तर!

"अगं, तो आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे," निखिल म्हणतो. निखिल म्हणजे माझा नवरा.

असेल. सेक्रेटरी लोक काय कमी असतात?

पण हे सगळं मनातल्या मनात. चारचौघांत मी काही बोलत नाही. मुक्ताच्या नर्सरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मी जवळजवळ मुकीच. असं माझं प्रामाणिक मत होतं.

मुक्ता नर्सरीत जायला लागली, मला जरा मोकळा वेळ मिळायला लागला, म्हणून मी इंग्रजी शिकवायचा एक छोटा कोर्स लावला. दर शनिवारी ठाण्याला, टेंभी नाक्याच्या पुढे. आमच्या मॅडम निवृत्त प्राध्यापिका. कडक इस्त्रीची साडी आणि तितकंच कडक मराठी. पहिल्याच तासाला त्यांनी आमची व्याकरणाची पुस्तकं बंद करायला लावली.

"पुस्तकातली वाक्यं ही पुस्तकासाठी केलेली असतात," त्या म्हणाल्या. "आपल्याला खऱ्या माणसांनी खरोखर लिहिलेली वाक्यं हवीत. अशा वाक्यांचा मोठा साठा करायचा. त्याला कॉर्पस म्हणतात."

मग त्यांनी एक सॉफ्टवेअर दाखवलं. त्यात एक शब्द टाकायचा, की साठ्यातली तो शब्द असलेली सगळी वाक्यं एकाखाली एक येऊन उभी राहतात. तो शब्द बरोबर मधोमध, जेवणाच्या पंगतीत आग्रह करणारा उभा असतो तसा, आणि डावीउजवीकडे त्याचे शेजारी. 'डिपेंड' टाकला, तर उजवीकडे ओळीने 'ऑन', 'ऑन', 'ऑन'.

"शब्दाला एकट्याला काही विचारू नका," मॅडम म्हणाल्या. "त्याच्या शेजारी कोण राहतं ते बघा. म्हणजे त्याचा स्वभाव कळेल."

शेजाऱ्यांवर नजर ठेवून स्वभाव ओळखायचा! मला तर वाटलं हा विषय खास माझ्यासाठीच काढलाय.

प्रत्येकीने स्वतःचा छोटा कॉर्पस करायचा होता. कोणी ऑफिसच्या ईमेल घेतल्या, कोणी दुकानांच्या पाट्या. मी घेतला नर्सरीचा ग्रुप. कारण आमच्या नर्सरीचा नियम, ग्रुपवर फक्त इंग्रजी! म्हणजे डोंबिवलीतल्या आयाबापांचं जिवंत, तडफडतं इंग्रजी आयतंच मिळणार. मुख्य बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "नावं काढत असाल तर घ्या." आमच्या मॅडमचीही तीच अट. कोण बोललं हे दिसता कामा नये, फक्त काय बोललं ते दिसलं पाहिजे.

निखिल कम्प्युटरमधला. त्याने बसल्या जागी सगळी नावं, नंबर, तारखा उडवल्या. मोठ्यांच्या जागी 'पेरेंट', मुलांच्या जागी 'चाइल्ड', मिसच्या जागी 'टीचर'. एकदम स्वच्छ. मी ती फाइल ठेवून दिली आणि मुक्ताच्या सर्दीत विसरून गेले.

आता मुक्ताच्या टीचर, स्नेहल मिसबद्दल सांगायला पाहिजे. कारण सगळं त्यांच्यापायीच झालं.

मुक्ता जूनपासून थेट गणपतीपर्यंत रोज गेटवर रडायची. रडायची म्हणजे काय, आडवी पडायची! मी बाहेर रडायचे ते वेगळंच. स्नेहल मिस रोज बाहेर यायच्या, फरशीवर मांडी घालून बसायच्या आणि काही न बोलता ओढणीचं टोक पुढे करायच्या. एक दिवस मुक्ताने ते टोक धरलं आणि उठून त्यांच्यामागून आत गेली. तेव्हापासून ती तशीच जाते. टोक धरून. पुढच्या वर्षी ज्युनियर केजीलाही याच मिस याच मुलांना मिळणार होत्या. त्या भरवशावर मी जेवत होते म्हणा ना.

आणि एका सकाळी गेटवर मुक्ताच्या वर्गातल्या अन्वीची आई मला बाजूला घेऊन म्हणते, "कळलं का तुला? स्नेहल मिस सोडतायत. हे वर्ष संपलं की बास."

"काय? का?"

"कंटाळल्या गं ग्रुपला. रोज काहीतरी शंका, रोज काहीतरी प्रश्न. परवा मुख्य बाईंसमोर रडल्या म्हणे."

माझ्या डोळ्यांसमोर ते ओढणीचं टोक आलं. "कोण लिहितं गं असं?" मी विचारलं.

अन्वीच्या आईने माझ्याकडे बघितलं. मग आभाळाकडे बघितलं. मग स्वतःच्या स्कूटीच्या आरशात बघितलं.

"जाऊ दे ना," ती म्हणाली. "नावं कशाला घ्यायची?" आणि सटकली.

मला तिथेच वास आला. ही काहीतरी लपवतेय!

घरी आले आणि लॅपटॉप उघडला. हत्यार माझ्याकडेच होतं की! म्हटलं, नाव नसेना का, माणूस भाषेवरून पकडता येतो. सहज 'जस्ट' शब्द टाकला. आणि काय सांगू, स्क्रीन भरून वाहायला लागला! 'जस्ट'च्या उजवीकडे ओळीने 'आस्किंग', 'आस्किंग', 'आस्किंग'.

'जस्ट आस्किंग, इज द फॅन ओव्हर द चिल्ड्रन टाइट?' म्हणजे पंखा घट्ट बसवलाय ना.

'जस्ट आस्किंग, इज द क्ले पॉइझनस इफ चाइल्ड ईट्स ओन्ली लिटल?'

'जस्ट आस्किंग, हू इज द मॅन इन यलो शर्ट निअर गेट?' आणि त्याखाली कोणाचं तरी गरीब उत्तर, 'माय हजबंड.'

मग मी 'ट्रस्ट' टाकला. शब्दकोशात 'ट्रस्ट'चे शेजारी सज्जन असतात. या ग्रुपवर विश्वासाच्या पाठोपाठ कायम 'बट' उभा! 'आय ट्रस्ट टीचर फुली, बट व्हाय डिड चाइल्ड स्मेल ऑफ फिनाइल?' 'आय ट्रस्ट टीचर, बट चाइल्ड केम होम इन समवन एल्सेस सॉक.' आणि 'ब्लेम' टाकला तर डावीकडे दरवेळी 'आय डोन्ट वॉन्ट टू', उजवीकडे 'एनीवन, बट'. कोणाला दोष द्यायचा नाहीये, पण! या 'पण'नंतर बाई पूर्ण नर्सरीला फासावर चढवणार.

तुम्ही विचाराल, तुला काहीच ओळखीचं वाटलं नाही? वाटलं ना! मोज्याचं तर वाटलंच. मुक्ताही एकदा दुसऱ्याच कोणाचा तरी मोजा घालून आली होती. मी म्हटलं, बघा, म्हणजे मोजे सगळ्यांचेच बदलत होते! खरं सांगू का, बाईचे मुद्दे मला बरेचसे पटत होते. पंख्याचं मलाही वाटायचं. फक्त सांगायची ही काय पद्धत?

निखिलला वाचून दाखवलं. तो भजी खाता खाता थांबला.

"रोज लिहिते ही?"

"रोज! कधी कधी स्वतःच विचारते, स्वतःच उत्तर देते आणि मग त्या उत्तरावर परत शंका घेते."

"बिचारा गं," निखिल म्हणाला.

"कोण?"

"हिचा नवरा. कसा राहत असेल?"

"राहत असेल कसातरी. सवय झाली असेल," मी म्हटलं. "पण असल्या बाईला कोणीतरी तोंडावर सांगायला पाहिजे."

आता संशयित कोण? माझं बोट सरळ कबीरच्या आईवर. कारणं ऐका. एक तर तिचं इंग्रजी फाडफाड. दुसरं, गेटवर रिक्षावाल्यालासुद्धा 'भैया, जस्ट टू मिनिट्स' म्हणते. आणि राहते शीळफाट्याकडच्या टॉवरमध्ये. तिथून गाडी काढून रोज आमच्या डोंबिवलीतल्या गल्लीतल्या नर्सरीत मुलाला आणते. का? तिकडे नर्सऱ्या नाहीत? मला तर हे पहिल्यापासून पटलेलं नव्हतं.

मी चौकशी सुरू केली. गेटवर एकेकीला गाठून हळूच विचारायचे, "ती ग्रुपवर सारखं 'जस्ट आस्किंग' लिहिणारी कोण गं?"

एक म्हणाली, "अय्या, तुम्ही पण ना!" आणि गेली. दुसरीला एकदम फोन आला, तो वाजला नव्हता तरी. तिसरीने माझा हात दाबला आणि म्हणाली, "नका मनाला लावून घेऊ." मी? मी कशाला मनाला लावून घेऊ? मला खात्रीच पटली, कबीरच्या आईने सगळ्यांना धाकात ठेवलंय!

मग आला अन्वीचा वाढदिवस. सोसायटीच्या हॉलमध्ये. मुलं फुग्यांमागे, आणि आम्ही आया भिंतीला खुर्च्या लावून, हातात पावभाजीच्या प्लेटी. कबीरची आई बरोबर माझ्यासमोर. म्हटलं, आज नाही तर कधीच नाही. नाव न घेता असं काही ऐकवायचं की चोराच्या चेहऱ्यावर दिसलं पाहिजे.

"मी तुम्हाला एक गंमत करून दाखवू?" मी उठले. "आपल्या ग्रुपवरच्या एका मम्मीची नक्कल."

अन्वीच्या आईचा चमचा हवेतच राहिला. "अगं, नको," ती पुटपुटली.

मी काय थांबते! ओढणी नाकापर्यंत ओढली, फोन हातात धरला, डोळे बारीक केले आणि सुरू. "जस्ट आस्किंग, व्हाय इज चाइल्ड स्माइलिंग सो मच टुडे? आय ट्रस्ट टीचर फुली, बट हू टोल्ड हर जोक?" मग पंखा. मग चिकणमाती. मग मोजा. पिवळ्या शर्टावर आले तेव्हा एक बाई खुर्चीवरून घसरायची राहिली. कोणी डोळे पुसतंय, कोणी पोट धरतंय. पिवळ्या शर्टवाल्याची बायको तर टाळ्या वाजवत होती.

आणि मी सारखी बघतेय कबीरच्या आईकडे. वाटलं, आता पडेल चेहरा. कुठलं काय! सगळ्यात जास्त तीच हसत होती. शेवटी उठून आली आणि मला मिठी मारून म्हणाली, "मुक्ता मम्मी, यू आर सो स्पोर्टिंग! मला नसतं जमलं हो!"

किती निगरगट्ट! स्वतःची वाक्यं समोर ऐकवली आणि वर मिठी मारते? निघताना अन्वीच्या आईनेही मला घट्ट धरलं. डोळ्यात पाणी. "मानलं तुला," म्हणाली. "याला हिंमत लागते."

"अगं, कोणीतरी करायलाच हवं होतं," मी म्हटलं. केवढ्या तोऱ्यात म्हटलं!

पुढच्या शनिवारी ठाण्याच्या वर्गात मी तयारीनिशी उभी राहिले. भिंतीवर माझ्या ओळी, मधोमध 'जस्ट', मधोमध 'ट्रस्ट'. 'डोंबिवलीतील पालकांचे इंग्रजी' असं भारदस्त नाव. वर्ग खूश. मॅडम मात्र चष्मा वर-खाली करत बराच वेळ वाचत राहिल्या.

"तुम्ही याला पालकांची भाषा म्हणताय," त्या म्हणाल्या. "पण बाकीचे पालक फक्त 'ओके मिस', 'थँक्यू मिस' म्हणतायत. बोलतंय कोणीतरी एकटंच. साठा एकाच माणसाने व्यापला, तर अभ्यास भाषेचा राहत नाही. त्या माणसाचा होतो."

"बरोबर मॅडम! मी तिलाच शोधत होते. आणि मला कळलंय ती कोण आहे."

"कशावरून?"

"ती रिक्षावाल्यालासुद्धा 'जस्ट' म्हणते."

"म्हणजे एका शब्दावरून?" मॅडमच्या भुवया वर गेल्या. "इतके तास मी हेच शिकवलं का? मूळ ग्रुप आहे ना तुमच्या फोनमध्ये? शोधा आणि खात्री करा."

एवढी साधी गोष्ट मला आधी का सुचली नाही? सुचली असती तर तुम्ही आत्ता शांतपणे चहा पीत असता.

मी सगळ्या वर्गासमोर फोन काढला. ग्रुपमध्ये 'जस्ट आस्किंग' टाइप केलं. पहिल्या मेसेजवर बोट ठेवलं.

मेसेज उजवीकडे. हिरवा.

पुढचा दाबला. उजवीकडे, हिरवा. पंखा, उजवीकडे. चिकणमाती, उजवीकडे. मोजा, उजवीकडे, हिरवागार! आता उजवीकडे हिरवे मेसेज कोणाचे दिसतात, हे व्हॉट्सॲप वापरणाऱ्याला सांगायला नको.

आधी वाटलं, फोन बिघडला. मग वाटलं, निखिलने काहीतरी उलटसुलट केलं असणार. मग वाटलं, कोणीतरी माझा फोन हॅक करून माझ्या नावाने लिहितंय! बघा, त्या क्षणीसुद्धा मला जगातल्या सगळ्यांचा संशय आला, फक्त एक बाई सोडून.

"सापडल्या?" मॅडमनी विचारलं.

"सापडली."

"तुमचा संशय होता त्याच का?"

"नाही मॅडम," मी म्हटलं. "जिचा कधी संशयच येणार नाही अशी निघाली."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बसा. पाणी घ्या."

परतीची बस शीळफाट्याला अडकली, नेहमीसारखी. मी खिडकीला डोकं टेकून माझेच मेसेज वाचत होते. एका हाताने पोळ्या लाटताना लिहिलेले, डॉक्टरच्या रांगेत लिहिलेले, मुक्ता झोपल्यावर तिच्याकडे बघत लिहिलेले. लिहिले, पाठवले, मनावरचं ओझं उतरलं, संपलं. ते ओझं दुसऱ्या टोकाला कोणाच्या डोक्यावर जाऊन बसतंय, ते कोण बघतं? आणि मग पुढचा ट्रक जरा हलला, आणि मला तो वाढदिवस आठवला.

'यू आर सो स्पोर्टिंग!'

'याला हिंमत लागते.'

अरे देवा! मी सगळ्यांसमोर माझीच नक्कल केली होती. आणि सगळ्यांना वाटलं होतं की ते मला माहीत आहे!

घरी येऊन निखिलला सांगितलं. तो म्हणाला, "तरी मला त्या माणसाबद्दल एवढी आपुलकी का वाटत होती!" आणि उशीत तोंड घालून हसत सुटला.

सोमवारी मी शाळा भरायच्या आधीच स्नेहल मिसना गाठलं. ठरवून गेले होते, सरळ पाय धरायचे. मुक्ता शेजारी, तिचा एक हात माझ्या हातात, दुसरा सवयीने त्यांच्या ओढणीकडे.

"मिस, मला माफ करा. ग्रुपवर ते सगळं मीच…"

"मुक्ता मम्मी, थांबा," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "मला अन्वीच्या मम्मीने सगळं सांगितलंय. व्हिडिओसुद्धा दाखवला."

व्हिडिओ! व्हिडिओपण होता!

"खरं सांगू? मी खूप चिडले होते तुमच्यावर. सकाळी फोन बघायची भीती वाटायची. पण एवढ्या बायकांसमोर उभं राहून स्वतःवरच हसायचं म्हणजे… रात्रभर विचार केला. म्हटलं, जिला आपली चूक इतकी नेमकी कळलीय, तिच्या मुलीला सोडून कशाला जायचं? काल मुख्य बाईंना फोन करून सांगितलं, ज्युनियर केजीला मीच येणार."

खरं सांगायला माझं तोंड उघडलं होतं. अगदी शब्द जिभेवर होते. तेवढ्यात मुक्ताने ओढणीचं टोक घट्ट धरलं आणि माझा हात सोडला.

मी तोंड मिटलं.

"इतकं स्वतःला ओळखणारी माणसं कमी असतात हो," मिस म्हणाल्या. "कसं जमलं तुम्हाला?"

मी नजर खाली घातली आणि शक्य तेवढ्या नम्रपणे म्हटलं, "काही नाही मिस. त्यासाठी ठाण्याला कोर्स लावला होता."